न्यूयॉर्कची पब्लिक हायस्कुलं: वर्षभर रांगा लावलेल्या आईचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकते, ज्यांना घाई आहे ते मोकळे. शाळांना ५ पैकी ४, शाळा निवडायच्या पद्धतीला ३, आणि "टॉप ५० हायस्कूल" टाइपच्या ज्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरतात त्यांना १, तोही कुणीतरी टाइप करायची मेहनत घेतली म्हणून.

आमची लेक आता नववीत आहे, म्हणजे इथल्या हिशोबाने हायस्कूलचं पहिलं वर्ष. आठवीचं आख्खं वर्ष आम्ही क्वीन्समधून उठून ब्रुकलिन, मॅनहॅटन, ब्रॉन्क्स असं शहराच्या एकेका भागात शाळा बघत फिरलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, न्यूयॉर्कमध्ये आठवीनंतर प्रत्येकाला हायस्कूलसाठी अर्ज करावा लागतो, घराशेजारच्या शाळेत जायचं असेल तरी. चारशेच्या वर हायस्कुलं, त्यांचे मिळून सातशेच्या वर प्रोग्राम, आणि त्यातून तुम्ही तुमच्या आवडीच्या क्रमाने १२ भरायचे. ऑक्टोबरच्या आसपास अर्ज उघडतो, डिसेंबरच्या सुरवातीला बंद होतो आणि मग मार्चपर्यंत घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही.

तर पहिला प्रश्न सगळ्यांचा हाच असतो, चांगली शाळा कुठली? आणि इथेच सगळी गडबड आहे.

आकडे बघितले तर फरक जमीन अस्मानाचा दिसतो. स्टायव्हसंटसारख्या शाळेत चार वर्षांत ग्रॅज्युएट होणारी मुलं जवळजवळ शंभर टक्के, आणि त्याच शहरात, त्याच बजेटच्या पैशावर चालणाऱ्या काही शाळांत हा आकडा साठीच्या घरात. (इथे ग्रॅज्युएट म्हणजे बारावी पास, आपल्या डिग्रीशी घोळ करू नका, माझ्या सासूबाईंनी केला होता.) मी पण सुरवातीला एक्सेल शीट केली, ग्रॅज्युएशन रेट उतरत्या क्रमाने लावला, वरचे बारा उचलले आणि नवऱ्याला म्हटलं झालं काम. तो म्हणाला, अगं या शाळा मुलं निवडून घेतात ना, मग रिझल्ट चांगला लागणारच की, यात शाळेने काय केलं? मी चिडले, कारण मुद्दा बरोबर होता.

खरंच विचार करा. ज्या शाळेत सातवीत ९०च्या पुढे ॲव्हरेज असलेलीच मुलं आत येतात, तिथली मुलं बारावी पास होतात ही काय बातमी आहे का? ती मुलं गोदामात बसवली असती तरी पास झाली असती. उलट ज्या शाळेत सगळ्या प्रकारची मुलं येतात, म्हणजे इथे "एड ऑप्ट" नावाचा प्रकार असतो ज्यात हुशार, मधली आणि मागे पडलेली अशी तिन्ही थरांतली मुलं ठरवून घेतात, अशी शाळा जर नव्वद टक्के मुलं पास करत असेल तर त्या शाळेतल्या मास्तरांना मी वाकून नमस्कार करेन.

आता स्पेशलाइज्ड शाळांबद्दल, कारण आपल्या लोकांत तोच एक विषय असतो. एकूण नऊ आहेत. त्यातली लागार्डिया ही कलेची, तिथे ऑडिशन आणि पोर्टफोलिओ. बाकीच्या आठांना एकच परीक्षा, एसएचसॅट, तीन तास, इंग्रजी आणि गणित, आणि त्या दिवशीचे मार्क म्हणजे सगळं. शाळेतले मार्क, शिक्षकांची शिफारस, काही धरत नाहीत. १९७१ साली राज्याने कायदाच केला, हेक्ट-कॅलँड्रा म्हणतात त्याला, त्यात स्टायव्हसंट, ब्रॉन्क्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक यांचा प्रवेश परीक्षेवरच होईल असं लिहून ठेवलंय, त्यामुळे शहराच्या मेयरला कितीही वाटलं तरी तो एकटा ते बदलू शकत नाही. दरवर्षी पंचवीस हजारांच्या आसपास मुलं बसतात आणि साधारण चार हजारांना ऑफर मिळते.

आम्ही तिन्ही मोठ्या शाळा बघितल्या आणि खोटं कशाला बोलू, भारावून जायला होतं. स्टायव्हसंटची दहा मजली बिल्डिंग, आत एस्कलेटर, रस्त्यावरून थेट शाळेत नेणारा पूल. तिथली नववीतली नवी पोरं फसवायची एक जुनी गंमत सांगतात, वरच्या वर्गातली मुलं त्यांना स्विमिंग पूलचे खोटे पास विकतात म्हणे. ब्रुकलिन टेक म्हणजे गावच, सहा हजारांच्या आसपास मुलं एका शाळेत! ब्रॉन्क्स सायन्सची नोबेल मिळवणाऱ्या माजी विद्यार्थ्यांची यादी काही देशांपेक्षा लांब आहे, २०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन तिथल्याच.

पण. (हा पण मोठा आहे.) याच तीन शाळांवर अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केलाय, अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक यांचा, २०१४ साली छापून आला, त्यात बॉस्टनच्या तशाच शाळा पण होत्या. त्यांनी काय केलं तर कटऑफच्या जेमतेम वर राहून आत गेलेली मुलं आणि जेमतेम खाली राहून बाहेर पडलेली मुलं यांची तुलना केली. म्हणजे एक दोन प्रश्नांचा फरक, बाकी मुलं सारखीच. पुढे त्यांचे परीक्षांचे मार्क बघितले तर फारसा फरक नाही! म्हणजे त्या मुलांपुरता तरी, शाळेच्या नावाने मार्कांत भर पडली असं दिसेना. हे वाचलं तेव्हा आमच्या घरी कोचिंग क्लासची फी भरून झाली होती, असो.

याचा अर्थ त्या शाळा वाईट असा अजिबात नाही. सोबतची मुलं, क्लब, लॅब, रोबोटिक्सची टीम, माजी विद्यार्थ्यांच्या संस्थांकडून येणारा पैसा, हे सगळं खरंच आहे आणि ते मार्कांत मोजलं जात नाही. पण "स्टायव्हसंटला लागला म्हणजे आयुष्य मार्गी आणि नाही लागला म्हणजे संपलं" हे जे आपल्या घरांत चालतं, त्याला काही आधार नाही. आणि एक गोष्ट टोचतेच, सांगून टाकते. २०१९ला स्टायव्हसंटच्या ८९५ ऑफरपैकी फक्त ७ कृष्णवर्णीय मुलांना मिळाल्या. सात. आपण एशियन पालक या परीक्षेच्या बाजूने हिरीरीने भांडतो, मी पण भांडते, मेहनत केलीय पोरांनी, पण हा आकडा वाचल्यावर घशात काहीतरी अडकतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात बहुतेक.

मग शाळेचं खरं काम कसं ओळखायचं? याला शहराकडेच एक बऱ्यापैकी उत्तर आहे आणि कुणी बघत नाही. शिक्षण खातं प्रत्येक शाळेचा क्वालिटी रिपोर्ट काढतं, त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या दाखवतात, एक परफॉर्मन्स म्हणजे मुलांचा रिझल्ट, आणि दुसरी इम्पॅक्ट म्हणजे तशाच परिस्थितीतून, तशाच मार्कांवर आलेल्या इतर मुलांच्या मानाने या शाळेत मुलं किती पुढे गेली. ही दुसरी गोष्ट बघा! मी शीट परत केली, इम्पॅक्टवर लावली, आणि यादी उलटीपालटी झाली. ज्यांची नावं मी ऐकली नव्हती अशा ब्रॉन्क्समधल्या छोट्या शाळा वर आल्या आणि दोन फॅशनेबल शाळा, जिथे ओपन हाऊसचं (पालकांना शाळा दाखवायचा दिवस) बुकिंग काही मिनिटांत संपतं, त्या मधे कुठेतरी ढकलल्या गेल्या.

पूर्वी ब्लूमबर्ग मेयर असताना, २००७पासून, शाळांना सरळ ए ते एफ ग्रेड द्यायचे, डब्यावर लेबल लावल्यासारखं. २०१४ला ते बंद केलं. पालकांना एक अक्षर सोपं पडायचं हे मान्य, पण एका अक्षरात चार हजार मुलांची शाळा बसवायची म्हणजे काय, तुम्हीच सांगा.

अजून एक सापळा, चार वर्षांचा ग्रॅज्युएशन रेट. या शहरात नुकत्याच देशात आलेल्या मुलांसाठी इंटरनॅशनल हायस्कुलं आहेत, पहिली १९८५ला लागार्डिया कम्युनिटी कॉलेजमध्ये सुरू झाली. तिथे पंधराव्या वर्षी इंग्रजीचा गंध नसलेलं मूल येतं. त्याला बारावी व्हायला पाच सहा वर्षं लागली तर शाळा नापास का? तसंच ट्रान्सफर स्कूल, म्हणजे जी मुलं कुठेतरी अडकली, मागे पडली, सोडून गेली, त्यांना परत घेणाऱ्या शाळा. यादीत या शाळा तळाला दिसतात आणि त्यांच्याकडे बघून लोक नाक मुरडतात. सहा वर्षांचा आकडा पण रिपोर्टमध्ये असतो, तो बघा आणि मग बोला.

बाकी शहराचं एकूण चित्र सुधारलंय हे म्हणायलाच हवं. २००५ला चार वर्षांत पास होणारी मुलं निम्मी पण नव्हती, ४६.५ टक्के, आता हा आकडा ८०च्या पुढे आहे. यातलं किती शिकवण्यामुळे आणि किती नियम सैल केल्यामुळे यावर लोक भांडतात, भांडू देत. पण एक गोष्ट मला पटली, मोठ्या, मागे पडलेल्या शाळा बंद करून त्याच बिल्डिंगमध्ये तीनचार छोट्या शाळा काढल्या, त्याचा उपयोग झाला. एमडीआरसी या संशोधन संस्थेने लॉटरीत नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना केली तर छोट्या शाळांत गेलेल्या मुलांचा पास व्हायचा दर साधारण ९ पॉइंटने जास्त निघाला. लॉटरी असल्यामुळे "हुशारच मुलं गेली असतील" म्हणायला जागा नाही.

अशी बिल्डिंग बघायची असेल तर ब्रुकलिनमधल्या फ्लॅटबुशचं इरॅस्मस हॉल. १७८७ला सुरू झालेली संस्था, बाहेरून किल्ला, आणि आत आता पाच छोट्या शाळा. आम्ही अशाच एका दुसऱ्या कॅम्पसला गेलो होतो (नाव नाही सांगत). सकाळी आठला गेटवर मेटल डिटेक्टरची रांग, मुलं बेल्ट काढून, बॅगा पट्ट्यावर टाकून आत जातायत, एअरपोर्टसारखं. मुलीने माझा हात धरला, तेरा वर्षांची पोर, बऱ्याच दिवसांनी. दुसऱ्या मजल्यावर एक शाळा, भिंतीवर मुलांचे प्रोजेक्ट, प्रिन्सिपलबाई दारात उभ्या राहून एकेका मुलाला नावाने हाक मारतायत, एकाला म्हणाल्या काल आला नाहीस, आजी बरी आहे का. एक जिना चढलो, तिसरा मजला, दुसरी शाळा, तासाची घंटा होऊन दहा मिनिटं झाली तरी कॉरिडॉरमध्ये घोळके, एका वर्गात सबस्टिट्यूट, म्हणजे बदली शिक्षक, मोबाइलवर. तीच बिल्डिंग, तोच मोहल्ला, तेच कॅन्टीन, तोच मेटल डिटेक्टर. मुलं पण त्याच घरांतली. मधे फक्त एक जिना. शाळेशाळेतला फरक म्हणजे काय ते मला त्या जिन्यात कळलं, कुठल्याही शीटपेक्षा जास्त.

म्हणून टूरला जाल तेव्हा लॉबीतल्या ट्रॉफ्या बघू नका. एका नावाजलेल्या शाळेत आम्हाला ट्रॉफ्या, ऑडिटोरियम आणि एक व्हिडिओ दाखवून पाठवून दिलं, वर्ग चालू असताना बघायचाय म्हटलं तर "पॉलिसी नाही". मी काय बघते ते सांगते. हजेरी आधी. वर्षात १० टक्के किंवा जास्त दिवस बुडवले, म्हणजे १८ वगैरे दिवस, की मूल क्रॉनिकली ॲबसेंट धरतात, आणि कोव्हिडनंतर शहरात तिसरा हिस्सा मुलं यात मोडतात, त्यामुळे ज्या शाळेने हा आकडा खाली ठेवलाय तिथे कुणीतरी रोज फोन करतंय एवढं नक्की. मग नववीत किती मुलांना १० क्रेडिट (विषय पास झाला की मिळतात ते) मिळाले ते, कारण पास व्हायला ४४ लागतात आणि पहिल्याच वर्षी जो मागे पडला तो पुढे धापा टाकत राहतो. आणि वार्षिक सर्व्हेमध्ये शिक्षकांना विचारतात की प्रिन्सिपलवर भरवसा आहे का, ते उत्तर तर मी सगळ्यात आधी वाचते, जावयाबद्दल शेजाऱ्यांना विचारतात ना तसं. आणि हो, मुलांचं टॉयलेट उघडं आहे का कुलूप लावलंय तेही बघा, हसू नका.

आता पद्धतीबद्दल, ज्याला मी ३ दिले. गणित उत्तम आहे. २००३च्या आधी तीस हजारांवर मुलांना यादीत न भरलेली शाळा गळ्यात मारली जायची. मग अर्थशास्त्रज्ञ ॲल्विन रॉथ आणि वर आलेले तेच अब्दुलकादिरोग्लू आणि पाठक यांनी नवीन मॅचिंग, म्हणजे मुलं आणि शाळा यांच्या जोड्या लावायची पद्धत, बसवलं आणि पहिल्याच वर्षी तो आकडा तीन हजारांच्या आसपास आला. रॉथना २०१२ला नोबेल मिळालं, त्यांच्या कामात ही न्यूयॉर्कची शाळा ॲडमिशन पण होती. या पद्धतीचा फायदा असा की खरं बोललात तर नुकसान नाही, जी शाळा सगळ्यात आवडते ती एक नंबरला भरा, शाळांना तुमचा क्रम दिसतच नाही. तरी आमच्या बिल्डिंगमधले एक काका प्रत्येकाला सांगत सुटले होते, पहिल्या नंबरवर सेफ शाळा टाका नाहीतर दोन्ही हातचं जाईल. नका ऐकू. जुन्या पद्धतीत ती चलाखी चालायची, आता नाही.

मग मार्क कापले कशाला? लॉटरी नंबरला. प्रत्येक मुलाला ३२ अक्षरांचा एक रँडम नंबर मिळतो, आकडे आणि ए ते एफ अक्षरं मिसळलेला, गाडीच्या चासी नंबरसारखा. स्क्रीन्ड, म्हणजे मार्क बघून मुलं घेणाऱ्या, शाळांत मार्कांप्रमाणे गट पाडतात आणि एका गटात जागांपेक्षा मुलं जास्त झाली की हा नंबर बघतात, लहान असेल तो पुढे. मी तासभर त्याकडे बघत बसले, मुलगी म्हणाली आई हे हेक्साडेसिमल आहे, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजायचं, ए म्हणजे १० ते एफ म्हणजे १५, पहिली दोनच अक्षरं बघ. आमची पहिली दोन "सी" आणि "४". सी म्हणजे १२, त्याला १६ने गुणा, १९२, अधिक ४, १९६, भागिले २५६. साधारण ७७ टक्के. म्हणजे शंभरातली ७७ पोरं आपल्या पुढे. सातवीपासून जीव काढून ९६ ॲव्हरेज आणलं आणि शेवटी चासी नंबर आडवा आला. लॉटरी न्याय्य आहे का, तर डोक्याने विचार केला तर आहे, सगळ्यांना सारखीच. पण रात्री अडीच वाजता कॅल्क्युलेटर घेऊन बसलेल्या आईला ते सांगू नका.

एवढं गणित पालकांनी स्वतः करायचं, ओपन हाऊसच्या तारखा स्वतः शोधायच्या, रिपोर्ट स्वतः उलगडायचे. माझी नोकरी घरून होती म्हणून जमलं. आमच्या मजल्यावर एक बाई रात्रपाळी करते, तिने बारापैकी तीनच शाळा भरल्या कारण बाकीच्या बघायला वेळच नव्हता. शाळांमधला फरक शाळेत सुरू होतो असं वाटत असेल तर तिला भेटा.

एसएचसॅटमध्ये आमची ऑफर आली नाही. यादीतली पाचव्या नंबरची शाळा मिळाली. एड ऑप्ट, मध्यम आकाराची, कुठल्याच टॉप ५०मध्ये नाही, इम्पॅक्ट चांगला म्हणून मीच हट्टाने घातलेली. वरच्या चार शाळांच्या वेटलिस्टवर आपोआप नाव गेलं, त्यातल्या एकीकडून पुढे बोलावणं पण आलं, तोवर मुलीने मैत्रिणी केल्या होत्या आणि ती म्हणाली तूच जा. ट्रेनने पस्तीस मिनिटं, विद्यार्थ्यांचं ओम्नी कार्ड फुकट, दिवसाला चार फेऱ्या. नोव्हेंबरमध्ये ती तापाने दोन दिवस घरी होती तर तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला शाळेतून फोन, आज पण नाही का, बरं वाटतंय का, केमिस्ट्रीचा चुकलेला लॅब गुरुवारी लंचमध्ये करून घेऊ. मावशीने भारतातून विचारलं, शाळा कितव्या नंबरची गं? मी म्हटलं माहीत नाही. खोटं बोलले, शीट अजून लॅपटॉपवर आहे.

धाकटा सध्या सहावीत आहे. हायस्कूलला सातवीचे मार्क धरतात हे त्याला अजून सांगितलेलं नाही.